स्टेनलेस नळीवर बसवलेली माशी पुन्हा पुन्हा निखळते, त्यावर उपाय

माशी म्हणजे रायफलीच्या नळीच्या पुढच्या टोकावरचं, नेम धरायचं छोटं पातं. आमची तीन वेळा निखळलेली माशी चौथ्यांदा टिकली. मधल्या काळात काय चुकत होतं ते सविस्तर लिहिते आहे, कारण हीच अडचण असलेले आणखी काही जण मला इथे भेटले आणि प्रत्येकाने दोष 'डाग कच्चा निघाला' म्हणून डागावर, म्हणजे सोल्डरच्या जोडावर, टाकला होता. डाग कच्चा नव्हता. तो नळीला कधी लागलाच नव्हता.

आधी परिस्थिती सांगते. आम्ही अलास्कात केनाय द्वीपकल्पावर राहतो. जुलैत नदीत लाल सामन चढतात आणि ते खायला माणसांबरोबर तपकिरी अस्वलंही काठावर येतात. मासेमारीला जाताना एकाजवळ तरी रायफल असावी अशी इथली रीत आहे. आमची रायफल जुनी, हातबदल होऊन आलेली: बोल्ट-ॲक्शन (दर फैरीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायची), थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची, स्टेनलेस नळीची, फक्त दुर्बिणीसाठी बनवलेली. नळीवर माशी नाही, मागे खाचही नाही. संततधार पावसात दुर्बिणीच्या काचेवर पाणी आणि वाफ धरली की पंधरा मीटरवर तिच्यातून करडं धुकं सोडून काही दिसत नाही. म्हणून खुली साइट हवी होती: पुढे माशी, मागे खाच. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू-टू रायफल चालवली असेल त्यांना ही जोडी आठवत असेल.

मागच्या खाचेने कधी त्रास दिला नाही. ती दोन स्क्रूंवर बसते आणि तिथे नळी जाड असते. सगळा त्रास पुढच्या माशीचा. तिची बैठक म्हणजे सुमारे ५० मिमी लांब, १० मिमी रुंद, खालून नळीच्या गोलाईइतकी खोलगट केलेली पोलादी पट्टी, आणि तिच्यावर माशीचं पातं.

पहिल्यांदा ती एका दुकानातून इपॉक्सी गोंदाने बसवून आणली. दहा-बारा फैरींनंतर डावीकडे कलली आणि हाताने उचलली तर निघून आली. दुसऱ्यांदा मी घरी साध्या सोल्डरने डाग दिला. ती पहिल्याच थंडीत निघाली. तिसऱ्यांदा चांगलं सोल्डर आणलं, चांगला फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड काढून सोल्डर धरू देणारं रसायन) आणला, आणि तरीही वीस फैरींत बैठकीची पुढची कड उचलली गेली.

काही करण्याआधी एक हिशेब

माझी समजूत होती की रायफलीचा धक्का एवढा मोठा की डागाला तो सोसत नाही. हा हिशेब मांडून बघा. रायफल साधारण ३.५ किलो, गोळी ११.७ ग्रॅम, तिचा वेग सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल मागे सुमारे सेकंदाला ३ मीटर वेग घेते, आणि हे सगळं मिलिसेकंदाहून थोड्या जास्त वेळात घडतं. म्हणजे सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट. नळी झटक्याने मागे जाते, माशी जडत्वाने जागच्या जागी राहू पाहते, म्हणून तिला पुढे घसरण्याचा ओढा लागतो. माझी बैठक पात्यासकट २० ग्रॅमची. तिच्यावर सरासरी ५ किलोचा ओढा आला, आणि दाब शिगेला असतानाच्या क्षणी तो तिप्पट धरला तरी १५ किलो.

आता दुसरी बाजू. ५०० चौरस मिमी जागेवर नीट धरलेला कथील-चांदीचा डाग अगदी हात राखून, चौरस मिमीला २० न्यूटन धरला, तरी १०,००० न्यूटन सोसतो. म्हणजे एक टन! पंधरा किलो ओढा आणि एक टन ताकद. इतकं अंतर असताना डाग सुटत असेल तर सगळ्या जागेवर मिळून तो पाच टक्के तरी धरला होता का, हाच प्रश्न विचारायला हवा. हा हिशेब मांडला तेव्हापासून मी जास्त ताकदीचं सोल्डर शोधायचं सोडलं आणि निखळलेल्या जागेकडे नीट बघायला लागले.

निखळलेली जागा पुसू नका

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी ती दोनदा केली. माशी निघाली की आपण आधी कापड घेऊन जागा साफ करतो आणि कारणाचा पुरावा घालवून बसतो. ती तशीच ठेवा, उजेडात धरा, शक्य तर भिंगाखाली बघा.

सगळं सोल्डर बैठकीला चिकटलेलं आणि नळी चकचकीत, जणू काही लागलंच नव्हतं अशी दिसत असेल, तर नळी ओली झालीच नाही. 'ओली होणं' म्हणजे वितळलेला धातू पृष्ठभागावर पसरून त्याला धरणं. अळूच्या पानावर पाणी जसं थेंब धरून राहतं त्याच्या उलट. कारण दोनपैकी एक: नळीवरचा ऑक्साइड निघाला नव्हता, किंवा नळी पुरेशी तापली नव्हती. दोन्ही एकदम असण्याचीही शक्यता बरीच असते.

नळीवर तपकिरी-काळा, काचेसारखा ठिसूळ थर दिसला तर फ्लक्स जळला. म्हणजे उष्णता जास्त झाली किंवा फार वेळ लावली. जळलेला फ्लक्स काम थांबवतो, इतकंच नाही, तो स्वतःच मध्ये थर होऊन बसतो.

दोन्ही बाजूंना सोल्डर आहे, पण राखाडी, दाणेदार, साखरेच्या पाकाचा खडा फोडल्यासारखं दिसतंय, तर डाग थिजत असताना काहीतरी हललं. क्लॅम्प सैल होता किंवा घाईने हात लावला.

इपॉक्सी असेल आणि ते संपूर्ण एका बाजूने सोललेलं असेल, तर ज्या बाजूने सोललं तिथे तेल होतं किंवा ती बाजू गुळगुळीत होती. इपॉक्सी मधूनच फाटून दोन्हीकडे राहिलं असेल तरच ते खरंच ताकदीला कमी पडलं म्हणायचं. तसं मी अजून पाहिलेलं नाही.

माझ्या पहिल्या माशीची नळीकडची बाजू आरशासारखी स्वच्छ होती. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी मात्र मागच्या तिसऱ्या हिश्श्यात दोन्हीकडे छान चंदेरी कथील आणि पुढच्या भागात नळी कोरी. त्या एका दृश्याने सगळं उलगडलं.

स्टेनलेसचा अदृश्य पापुद्रा

स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. रायफलीच्या नळ्यांना जे स्टेनलेस वापरतात त्यात बहुतेकदा १२-१३ टक्के क्रोमियम असतं. हवेशी गाठ पडताच त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड होतो आणि तो धातूला झाकून टाकतो. घासून काढा, तो क्षणात परत येतो. तो दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि साध्या राळेच्या फ्लक्सला दाद देत नाही. तांब्याच्या तारेला जे सोल्डर लोण्यासारखं लागतं तेच इथे पाऱ्यासारखं गोळे होऊन पळतं.

मध्येच एक गोष्ट, कारण मला ती तीनदा विचारली गेली. 'माझ्या नळीला चुंबक चिकटतो, म्हणजे ती स्टेनलेस नाहीच का?' आहे. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांत क्रोमियमबरोबर निकेलही असतं, त्याची रचना वेगळी, त्याला चुंबक चिकटत नाही. नळीचं स्टेनलेस कडक करता येण्याजोग्या जातीचं असतं आणि त्याला चुंबक चिकटतोच. दोन्हींवर पापुद्रा मात्र तोच.

माझे वडील कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करायचे. तिसऱ्यांदा माशी निघाली त्या रात्री मी त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "अगं, दोन्हीकडं आधी कथील चढवलंस का?"

"आबा, फ्लक्स लावला, दोन्ही एकावर एक ठेवले, क्लॅम्प लावला आणि कडेने सोल्डर सोडलं."

"मग आत काय झालं ते तुला कसं दिसणार? कल्हईवाला काय करतो? भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील लावतो आणि कापसानं फिरवतो. कुठं लागलं नाही ते तिथंच दिसतं. आधी कल्हई कर. मग जोड."

दारात बसणारा कल्हईवाला, भाता, नवसागराचा तो पांढरा धूर आणि काळ्याकुट्ट पातेल्यातून एका फटक्यात उजळणारं चांदणं मी लहानपणी शंभरदा पाहिलेलं आहे. उपाय तोच होता. जोडण्याआधी प्रत्येक बाजूला सुटं सुटं कथील चढवायचं आणि डोळ्यांनी खात्री करायची. नवसागर एकटा स्टेनलेसला पुरत नाही, त्याला जास्त तिखट फ्लक्स लागतो, पण रीत कल्हईचीच.

चौथ्यांदा काय केलं

बोल्ट काढला, मॅगझिन रिकामं पाहिलं, चेंबरमध्ये बोट घालून खात्री केली, नळी लाकडी दस्त्यातून सोडवली. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. हे सगळं झाल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही, आणि इथे सवलत घेऊ नका.

नळीच्या तोंडात लाकडी गुडदी घट्ट बसवली, म्हणजे फ्लक्स आत उतरणार नाही. बैठकीची जागा पेन्सिलीने आखली आणि तिच्या बाहेर चारही बाजूंनी मऊ पेन्सिलीचा जाड थर दिला. ग्रॅफाइटवर सोल्डर धरत नाही, त्यामुळे ओघळ आखलेल्या रेषेवरच थांबतो. ही युक्ती फार उपयोगी आहे. नाहीतर नंतर नळीवरचं जास्तीचं कथील खरवडण्यात दिवस जातो.

मग आखलेली जागा नव्या एमरी पेपरने, १८० नंबरच्या, आडवी-उभी घासली. जुना पेपर वापरू नका, त्यात आधीच्या कामाचं तेल असतं. ॲसिटोनने पुसली, कापड बदलून पुन्हा पुसली, आणि त्यानंतर बोट लावलं नाही. बैठकीची खालची बाजूही तशीच.

बैठक नळीवर खरोखर बसते का हेही याच वेळी बघायचं. नळीवर मार्करची शाई लावून बैठक दाबून थोडी सरकवली की शाई जिथे निघते तिथे ती टेकते. माझी फक्त दोन कडांवर टेकत होती, मध्ये पोकळी. सोल्डर पोकळी भरतं, पण जाड थर पातळ थरापेक्षा कमजोर असतो. एमरी पेपर नळीभोवती गुंडाळून त्यावर बैठक घासली तर ती हळूहळू नळीच्या गोलाईची होते. मला पाऊण तास लागला.

फ्लक्स स्टेनलेससाठीचा, आम्लाचा. सोल्डर कथील आणि चांदीचं, साधारण ९६ ला ४ असं, जे २२१ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. शिशाचं नको: ते नरम असतं आणि त्याचा धूर-धूळ घरात नको. खिडक्या उघड्या, पंखा पाठीमागून, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे. या फ्लक्सचा शिंतोडा डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

आता उष्णता. तिसऱ्या वेळी मी ज्योत वरून, बैठकीवर धरली होती. २० ग्रॅमची पट्टी क्षणात तापली, तिच्यावर सोल्डर झकास पळलं, आणि खाली नळी थंडच. स्टेनलेस उष्णता फार हळू वाहून नेतं. साध्या पोलादाच्या निम्म्याने, तांब्याच्या तर पंधराव्या-सोळाव्या हिश्श्यानेही नाही. त्यामुळे ज्योत जिथे, तिथेच गरम. या वेळी ज्योत नळीच्या खालून, सतत पुढे-मागे फिरती ठेवली आणि सोल्डरची तार वरून आखलेल्या जागेला टेकवत राहिले. तार ज्योतीने वितळवायची नाही. नळीने वितळवली पाहिजे.

तार वितळली तेव्हा पहिल्यांदा गोळेच झाले. इथे घाबरून जास्त तापवू नका. वितळलेल्या सोल्डरखाली स्टेनलेसच्या तारांचा छोटा ब्रश फिरवा. ब्रश पापुद्रा फोडतो आणि वर वितळलेलं कथील असल्यामुळे हवा तिथे पोचून नवा पापुद्रा धरायला वाव मिळत नाही. दोन-तीनदा फिरवल्यावर गोळे पसरले आणि जागा पातेल्यासारखी उजळली. कापडाच्या बोळ्याने एक फटका मारून जास्तीचं पुसलं. दोन काळे ठिपके राहिले होते, तिथे पुन्हा फ्लक्स, पुन्हा ब्रश.

रंगावर लक्ष ठेवा. स्टेनलेसवर फिकट पिवळी झाक ३०० अंशांच्या आसपास येते. सोल्डर त्याआधी ऐंशी अंश वितळलेलं असतं, म्हणजे पिवळं दिसलं की तुम्ही गरजेपेक्षा बरंच पुढे गेलात. नळीच्या कणखरपणाला त्याने धोका नाही, पण फ्लक्स जळायला लागतो आणि पापुद्रा जाड होतो. अशा वेळी थांबा, थंड होऊ द्या, घासा आणि पहिल्यापासून सुरू करा. चांदीच्या डागाचा, म्हणजे ब्रेझिंगचा मात्र विचारही करू नका. त्याला ६०० अंशांहून जास्त लागतात आणि तेवढ्याने नळीचं टेंपरिंग, म्हणजे उष्णता देऊन आणलेला कणखरपणा, बिघडतं.

बैठकीलाही तशीच कल्हई केली. ती पोलादी असल्याने मिनिटात झाली.

मग जोडणी. नळी व्हाइसमध्ये, ॲक्शनची (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाची) सपाट बाजू पाणसळीने समतल. बैठकीवर माशीचं पातं असतं, ते काटकोनात उभं आहे का ते मागून बघितलं. दोन्ही कल्हई केलेल्या बाजूंना फ्लक्सचा पातळ हात, बैठक जागेवर, वर क्लॅम्प. क्लॅम्प फार आवळला तर वितळलेलं सगळं सोल्डर बाहेर येईल. जागेवरून हलणार नाही इतपतच. पुन्हा नळीखालून ज्योत. काही वेळाने बैठक किंचित खाली बसल्याचं दिसलं आणि चारी कडांनी चंदेरी रेघ फुटली. कल्हई आधीच केलेली असल्यामुळे या रेघेवर विश्वास ठेवता येतो. तिसऱ्या वेळीही रेघ फुटली होती, पण ती फक्त कडेची होती.

ज्योत बाजूला घेतली आणि पंधरा मिनिटं कशालाही हात लावला नाही. पाणी मारून थंड करू नका.

धुणं

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि यात बरेच जण चुकतात. आम्लाच्या फ्लक्समध्ये क्लोराइड असतं, आणि क्लोराइड हा स्टेनलेसचा वैरी आहे. फ्लक्स कडेला राहिला तर काही आठवड्यांत बैठकीच्या भोवती तांबूस ठिपके येतात आणि त्याखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे. 'स्टेनलेस असून गंजलं कसं' याचं उत्तर बहुधा हेच. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने चारही कडा घासल्या, साध्या गरम पाण्याने धुतल्या, पुन्हा सोडा, पुन्हा पाणी. वाळवून तेलाचा हात दिला. गुडदी काढून नळी आतून पुसली आणि मागच्या बाजूने उजेडाकडे धरून आरपार बघितलं. सोल्डरचा एक कणही आत राहिला असेल तर ती रायफल चालवायची नाही.

स्क्रूवर बसवलेली माशी सैल होत असेल तर

माझ्या एका शेजाऱ्याची अडचण ही होती. त्याची माशी दोन स्क्रूंवर, स्क्रू कचकचून आवळलेले, तरी माशी हलते. कारण फार सोपं निघालं: स्क्रू लांब होता. तो भोकाच्या तळाला जाऊन टेकायचा, हाताला घट्ट लागायचा, पण बैठकीला दाबायचाच नाही. ओळखायची खूण अशी: बैठक काढून ठेवा, स्क्रू नुसता नळीच्या भोकात हाताने तळापर्यंत फिरवा, वर किती राहतो ते मोजा. बैठकीच्या जाडीपेक्षा जास्त वर राहिला तर तो बैठकीला कधीच आवळणार नाही. कानशीने अर्धा मिमी कमी करा. हे टाळून नुसता जोर लावत राहिलात तर तळाचा पातळ धातू आत फुगतो आणि नळीच्या आतल्या बाजूला उंचवटा येतो. तो पुन्हा सपाट होत नाही.

दुसरं कारण आट्यांतलं तेल. आणि आटे पक्के करायच्या निळ्या लॉकिंग द्रवाबद्दल हे माहीत असू द्या: तो धातूच्या संपर्काने घट्ट होतो आणि स्टेनलेसवर फार हळू घट्ट होतो. त्यासाठी वेगळा ॲक्टिव्हेटर मिळतो, तो आधी मारा, किंवा चोवीस तास तरी रायफल वापरू नका. स्टेनलेसच्या आट्यांत स्टेनलेसचाच स्क्रू कोरडा फिरवलात तर दोघे एकमेकांना ओरबाडून कायमचे अडकतात, म्हणून स्क्रू साध्या पोलादाचा घ्या.

नळीवर नवं भोक पाडायचा विचार असेल तर आधी हे आकडे बघा. तोंडाशी नळी १५ मिमी जाड, आतलं छिद्र त्यातल्या पिळदार चरांसकट ७.८ मिमी, म्हणजे भिंत उरली ३.६ मिमी. या कामाचा नेहमीचा स्क्रू साडेतीन मिमी व्यासाचा आणि त्याचे आटे इंचाला ४८, त्याला ड्रिल सुमारे ३ मिमीचं. त्या ड्रिलचं निमुळतं टोकच जवळजवळ १ मिमी लांब. तुम्ही २ मिमी सरळ भोक पाडलंत तर टोक ३ मिमीवर पोचलेलं असतं आणि नळीत जेमतेम ०.६ मिमी धातू उरतो. हे हातातल्या ड्रिलने करायचं काम नाही. मिलिंग मशीन असलेल्या, हे काम रोज करणाऱ्या माणसाकडे द्या. पातळ नळीत डव्हटेलची (तळाशी रुंद, वर अरुंद) खाच कापण्याबद्दलही माझं हेच मत आहे.

नळीभोवती कडं बसवून त्यावर माशी घेणं हा सगळ्यात भक्कम पर्याय आहे. कड्याला घसरायला जागाच नसते आणि डाग फक्त फिरू न देण्यापुरता लागतो. कड्याचा आतला व्यास नळीला नेमका जुळला पाहिजे, म्हणून खर्च जास्त. नवी साइट घेत असाल तर मी हेच सुचवीन.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीच्या आणि फेरफाराच्या धंद्यालाही परवाना लागतो. तुमच्या परवान्यावरच्या रायफलीचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या आणि वरचं सगळं त्याच्याशी बोलण्यासाठी वापरा. कल्हई करून जोडणार का, एवढा एक प्रश्न विचारलात तरी पुरे.

टिकली की नाही, हे कसं कळणार

बैठक आणि नळी यांच्या जोडावर दोन्हीकडे नेलपॉलिशची बारीक आडवी रेघ ओढा. पाव मिमी जरी सरकली तरी रेघ तडकते, आणि डोळ्याला सरकणं दिसायच्या कितीतरी आधी ते कळतं. फैरी झाडण्याआधी लाकडी हातोडीने बैठकीला बाजूने हलकं ठोका. नीट धरलेली बैठक नळीसारखाच भरीव आवाज देते, सुटलेली फुटक्या मडक्यासारखी वाजते.

आमच्या रायफलीवर मे महिन्यापासून सत्तरच्या आसपास फैरी झाल्या, एक संपूर्ण मोसम पावसात गेला, रेघ अखंड आहे.

माशी पक्की झाल्यावरच नेमाचं काम हाती घ्या, आधी नाही. सैल माशीवर नेम लावत बसणं म्हणजे काडतुसं वाया. पहिल्या तीन फैरी ५० मीटरवर माझ्या १२ सेंमी खाली लागल्या. माशी आणि खाच यांच्यात ५०० मिमी अंतर आहे. चूक गुणिले हे अंतर, भागिले निशाणाचं अंतर: १२० गुणिले ५००, भागिले ५०,०००, म्हणजे १.२ मिमी. गोळी खाली लागते तर माशी कमी करायची. वर लागत असेल तर उंच पातं घ्यावं लागतं. डावी-उजवीकडे मात्र माशी चुकीच्याच दिशेला सरकवायची असते: गोळी डावीकडे लागली तर माशी डावीकडे.

स्टेनलेसच्या पात्याची आणखी एक खोड आहे. उन्हात त्याची एक बाजू चमकते, डोळा चमकत्या बाजूलाच मध्य समजतो आणि गोळी उजेडाच्या विरुद्ध बाजूला जाते. सकाळी बरोबर लागणारी रायफल संध्याकाळी एका बाजूला मारते ती यामुळे. माशी सुटली म्हणून लगेच ज्योत पेटवू नका. साध्या पोलादाला काळं करायचं रसायन स्टेनलेसवर धरत नाही. मी मेणबत्तीची काजळी धरते, तीन सेकंद, बस. पावसात धुऊन जाते, पण पावसात उन्हाची चमकही नसते.

कानस लावताना १.२ मिमी एकदम उतरवू नका. मी ०.८ उतरवून थांबले, तीन फैरी झाडल्या, गट आता मध्याच्या ४ सेंमीच खाली लागला. मग ०.२, पुन्हा तीन फैरी. उरलेलं तसंच ठेवलं आहे, कारण पुढच्या मोसमात थोडी जड गोळी वापरून बघायची आहे आणि एकदा कानशीने गेलेलं पातं परत उंच होत नाही.